हॉलमधला होम थिएटर पीसी: पार्ट कुठल्या क्रमाने निवडायचे

होम थिएटर पीसीत, म्हणजे टीव्हीला जोडून सिनेमे बघायच्या पीसीत, गडबड होते ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी, कारण सुरुवात प्रोसेसरपासून होते. कुणीतरी सांगतं अमुक प्रोसेसर भारी आहे, मग त्याला चालणारा मदरबोर्ड, मग रॅम, मग उरलेल्या पैशात बसेल ती केस आणि पॉवर सप्लाय, आणि सगळं जोडून झाल्यावर कळतं की टीव्ही युनिटच्या कप्प्यात डबा जातच नाही, किंवा जातो पण शांत सीनमधे पंख्याची घरघर ऐकू येते, किंवा ४के टीव्हीवर माउसचा बाण अडखळत चालतोय. टेबलाखाली ठेवायच्या पीसीला हा क्रम चालून जातो, हॉलमधल्या पीसीला नाही चालत. इथे उलटं जायचं. आधी टीव्ही आणि साउंड, मग तुमच्या फाइल्स, मग जागा, आणि प्रोसेसरचा नंबर त्यानंतर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत आणि प्रत्येक पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत लागतं, त्यामुळे मधली गाळू नका.

## पायरी १: काहीही घ्यायच्या आधी कागदावर लिहून काढा

टीव्हीचा पूर्ण मॉडेल नंबर लिहा, तो मागच्या स्टिकरवर किंवा सेटिंगमधल्या माहितीच्या पानावर असतो. त्याचं मॅन्युअल डाउनलोड करा आणि एकेक एचडीएमआय पोर्ट बघा. सगळे पोर्ट सारखे असतात असं समजू नका, बऱ्याच टीव्हींमधे पूर्ण बँडविड्थ एक-दोन पोर्टांनाच असते आणि ईआर्क (टीव्हीतून आवाज एचडीएमआयनेच साउंडबारकडे पाठवायची सोय) फक्त एकाच पोर्टावर असतं. कधी कधी या दोन्ही गोष्टी त्याच एका पोर्टावर असतात, म्हणजे साउंडबार तिथे लावला की पीसीला दुसऱ्या पोर्टावर जावं लागतं. हे आधी कळलेलं बरं. एव्ही रिसीव्हर (चित्र-आवाज घेऊन स्पीकर चालवणारा डबा) किंवा साउंडबार असेल तर त्याचंही मॅन्युअल असंच वाचा.

मग टेप घ्या आणि कप्पा आतून मोजा, रुंदी, उंची, खोली. खोलीतून किमान ५-६ सेंटिमीटर वजा करा, कारण मागे एचडीएमआयची आणि पॉवरची वायर वळायला जागा लागते आणि जाड एचडीएमआय केबल काटकोनात वळत नाही. कप्प्याला मागे फळी आहे का, पुढे काच किंवा दार आहे का, हेही लिहा, हवेचा हिशोब त्यावरच आहे.

शेवटी लिहा की तुम्ही बघणार काय. स्वतःच्या फाइल्स, डिस्क, ब्राउझरमधले व्हिडिओ, की पैसे भरून घेतलेलं स्ट्रीमिंग.

सावध: ९० टक्के बघणं सशुल्क स्ट्रीमिंगच असेल तर इथेच थांबून विचार करा. कॉपी-प्रोटेक्शनमुळे पीसीच्या ब्राउझरमधे बऱ्याच सर्व्हिसेस पूर्ण क्वालिटी देत नाहीत, लिनक्सवर तर ४के जवळजवळ विसराच, आणि विंडोजवरही ठराविक ब्राउझर किंवा अ‍ॅप, एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरचं कॉपी-प्रोटेक्शन) वाला मॉनिटर किंवा टीव्ही आणि एचईव्हीसी (व्हिडिओ दाबायची एक पद्धत) डिकोडिंग हे सगळं एकत्र जुळून यावं लागतं. अशा घरात टीव्हीचं स्वतःचं अ‍ॅप किंवा छोटी स्ट्रीमिंग स्टिक त्या कामाला जास्त चांगली आणि पीसी फक्त फाइल्ससाठी, असं वाटप करा. ताकदवान प्रोसेसर घेऊन ही अडचण सुटत नाही.

## पायरी २: तुमच्या फाइल्स कुठल्या फॉरमॅटच्या आहेत ते बघा

'माझ्याकडे ४के फाइल्स आहेत' एवढ्याने काही ठरत नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तुमच्याकडच्या सगळ्यात जड पाच-सहा फाइल्स टाका आणि प्रत्येकीचा कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत), बिट डेप्थ (रंगाची बारकाई), फ्रेम रेट आणि ऑडिओचा प्रकार लिहून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे आणि सगळी खरेदी यावर उभी राहणार आहे.

व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपमधला वेगळा भाग करतो, त्याला हार्डवेअर डिकोडिंग म्हणतात. तुमचा कोडेक त्या भागाला येत असेल तर छोटासा ६ वॉटचा प्रोसेसर सुद्धा ४के सहज चालवतो. येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो, तो तापतो, पंखा वर जातो आणि फ्रेम गळतात.

साधा एच.२६४ आठ-बिट कुठेही चालतो, त्याची काळजी नको. १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे बहुतेक ४के एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणाऱ्या) फाइल्स, यासाठी इंटेलमधे सातव्या पिढीपासून पुढचं ग्राफिक्स लागतं. एव्ही१ हा नवा कोडेक हवा असेल तर इंटेल अकराव्या पिढीपासून पुढे. एएमडीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधे ५६००जी, ५७००जी यांना एव्ही१ येत नाही, रायझन ७००० पासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला येतो. हॉलसाठी आता नवीन मशीन घेत असाल तर एव्ही१ येतच असलं पाहिजे, ऑनलाइन व्हिडिओ त्याच दिशेने चाललेत आणि हे मशीन तुम्ही पाच-सात वर्षं वापरणार आहात.

एक अपवाद लक्षात ठेवा. जुन्या अ‍ॅनिमे फाइल्स बऱ्याचदा १०-बिट एच.२६४ मधे असतात. एच.२६४ म्हटलं की लोक निर्धास्त होतात, पण त्याचा १०-बिट प्रकार बहुतेक ग्राफिक्स चिपना हार्डवेअरमधे येतच नाही. तशा फाइल्सचा साठा असेल तर सगळ्यात छोटा प्रोसेसर घेऊ नका, थोडा दम असलेला घ्या.

तपासा: टीव्ही किंवा प्रोजेक्टर एचडीआर नसलेला आहे आणि फाइल्स एचडीआर आहेत, असं आहे का? मग रंग खाली उतरवायचं काम, म्हणजे टोन मॅपिंग, पीसीला करावं लागेल, आणि ते चांगल्या क्वालिटीत करायचं तर अगदी छोटं ग्राफिक्स कमी पडतं. कागदावर तशी नोंद करा, पायरी ५ मधे लागेल.

## पायरी ३: पीसी ते टीव्ही, चित्र आणि आवाजाची साखळी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सावकाश वाचा.

एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं. एचडीएमआय २.० वर ६० हर्ट्झ मिळतं, त्याची मर्यादा १८ गिगाबिट. २.१ वर ४८ गिगाबिटपर्यंत, म्हणजे ४के १२० हर्ट्झ. सिनेमा २४ फ्रेमचाच असतो त्यामुळे ३० हर्ट्झवरही तो दिसतो, पण मेन्यू, माउस, स्क्रोल सगळं अडखळतं आणि रोज वापरताना वैताग येतो. २.० पुरेसं आहे का? बहुतेकांना हो. फक्त ६० हर्ट्झला १०-बिट एचडीआर पाठवायचं तर रंगाची माहिती थोडी कमी करून ४:२:२ मधे पाठवावी लागते, २४ हर्ट्झच्या सिनेमाला ती अडचण नाही. गेमही खेळायचे असतील आणि टीव्ही १२० हर्ट्झचा असेल तरच २.१ च्या मागे लागा.

साखळी तिच्यातल्या सगळ्यात कमजोर कडीएवढीच चालते. पीसी २.०, टीव्ही २.०, पण मधला रिसीव्हर १.४ चा असेल तर तुम्हाला १.४ मिळणार. ४के ला एचडीसीपी २.२ सुद्धा मधल्या प्रत्येक डब्यात लागतं, नाहीतर संरक्षित व्हिडिओला काळा पडदा किंवा कमी रिझोल्यूशन. जुना रिसीव्हर ठेवायचाच असेल तर पीसीतून एक केबल थेट टीव्हीला आणि दुसरी रिसीव्हरला देता येते, पण मग पीसीला दोन मॉनिटर दिसतात आणि कधी कधी खिडकी त्या न दिसणाऱ्या दुसऱ्या मॉनिटरवर जाऊन उघडते. घरातल्या बाकीच्यांनी हे सांभाळणं अवघड आहे, त्यामुळे शक्य असेल तर टाळा.

आता आवाज. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा साधा आवाज किंवा दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) ५.१ एवढंच जातं. साध्या आर्कचंही (ईआर्कच्या जुन्या प्रकाराचंही) साधारण तसंच. डॉल्बी ट्रूएचडी, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मूळ दर्जाचे ट्रॅक हवे असतील तर पीसी थेट रिसीव्हरला लावा, नाहीतर टीव्ही आणि साउंडबार दोन्हींना ईआर्क पाहिजे. आणि टीव्हीला ईआर्क असलं म्हणजे झालं असं नाही, काही टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत. तुमच्या फाइल्समधे डीटीएस किती आहे ते पायरी २ मधे लिहिलंय, ते इथे ताडून बघा. पीसी डीटीएस स्वतः उलगडून साध्या मल्टिचॅनल आवाजात पाठवू शकतो, पण तेही थेट रिसीव्हरला किंवा ईआर्कमधूनच जातं, आणि डॉल्बी अ‍ॅटमॉसचा ट्रॅक असा उलगडून पाठवला तर वरून येणाऱ्या आवाजाचं स्थान त्यात हरवतं.

केबलवर फार खर्च करायची गरज नाही, लेबल बघायचं. १८ गिगाबिटला 'प्रीमियम हाय स्पीड', ४८ ला 'अल्ट्रा हाय स्पीड'. प्रोजेक्टरसाठी १० मीटर वगैरे लांब न्यायची असेल तर फायबरवाली अ‍ॅक्टिव्ह केबल घ्या. तिला दिशा असते, एक टोक सोर्सचं आणि एक डिस्प्लेचं, भिंतीत घालायच्या आधी जोडून बघा.

सावध: ऑफिसमधून निघालेले छोटे सेकंडहँड पीसी या कामाला छान असतात, पण त्यांच्यात बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्ट असतो. साधा पॅसिव्ह कन्व्हर्टर लावला की ४के ३० हर्ट्झवर अडकतं. अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या, आणि त्यावर ४के ६० स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

## पायरी ४: केस आणि हवा

पायरी १ ची मापं आता बाहेर काढा. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा. कप्प्याची उंची १० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर पातळ आडवी केस आणि मिनी-आयटीएक्स एवढाच मार्ग उरतो, किंवा सरळ तयार मिनी पीसी. १५-१६ सेंटिमीटर मिळत असतील तर मायक्रो-एटीएक्सची आडवी केस घ्या, तिच्यात मोठे पंखे बसतात आणि मोठा पंखा हळू फिरला तरी पुरतो.

केसच्या माहितीत तीन आकडे शोधा: कूलरची जास्तीत जास्त उंची, पॉवर सप्लायचा प्रकार, आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण उंचीचं बसतं की लो-प्रोफाइल. यातला एकही दिलेला नसेल तर ती केस सोडा.

कूलरच्या उंचीबद्दल माझा अनुभव सांगतो. माझ्या केसची मर्यादा आणि कूलरची उंची यात जेमतेम २ मिलिमीटरचा फरक होता, आकड्यात बसतं म्हणून मी घेतला. बसला पण. झाकणाची जाळी पंख्याच्या अगदी डोक्यावर आली, आणि सिनेमा लावला की दहा मिनिटांनी बारीक शिट्टी सुरू व्हायची. बेअरिंग गेलं असेल म्हणून पंखा बदलला, तरी तेच. मग एकदा शिट्टी चालू असताना झाकणाचा एक कोपरा बोटाने उचलला तर आवाज लगेच थांबला, खाली सोडला की परत सुरू. हवा जाळीच्या भोकांतून ओढली जाताना वाजत होती. ३७ मिलिमीटरचा बुटका कूलर लावला आणि विषय संपला. म्हणून मर्यादेच्या १०-१५ मिलिमीटर आत राहा, पंख्याला श्वास घ्यायला तेवढी जागा पाहिजे.

तपासा: केस हवा कुठून घेते आणि कुठून सोडते? वरून घेणारी केस आणि वर लगेच फळी, हे जमत नाही. कप्पा मागून बंद असेल तर मागच्या फळीला हाताच्या पंजाएवढं भोक पाडायची तयारी ठेवा, नाहीतर उघड्या कप्प्यात ठेवा.

## पायरी ५: आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स

इथवर आलात की निवड बरीचशी आपोआप झालेली असते.

फक्त व्हिडिओ, टीव्ही एचडीआरवाला, फाइल्स एचईव्हीसी आणि एव्ही१: इंटेल एन१०० सारखा ६ वॉटचा प्रोसेसर असलेला मिनी पीसी पुरतो आणि बिनपंख्याचाही मिळतो. याहून जास्त घ्यायचं कारण नसेल तर घेऊ नका, हॉलमधे कमी उष्णता हीच सगळ्यात मोठी सोय आहे. तो घेताना त्याच्या एचडीएमआयचं व्हर्जन मात्र बघाच.

ब्राउझर, फोटो, हलके गेम, १०-बिट एच.२६४ असं सगळं थोडं थोडं हवं: इंटेल कोअर आय३ च्या वर्गातला किंवा अंगभूत ग्राफिक्सवाला रायझन घ्या. रायझनमधे बायोसमधून (पीसीच्या मूळ सेटिंगमधून) ६५ वॉटचा प्रोसेसर ४५ किंवा ३५ वर बांधता येतो, इंटेलमधेही पॉवर लिमिट कमी करता येते. व्हिडिओ बघताना फरक कळत नाही, पंख्याला मात्र कळतो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड फक्त तीन कारणांसाठी: मोठे गेम, जड टोन मॅपिंग, किंवा जुन्या पीसीला एव्ही१ शिकवायचा असेल. शेवटच्या कामासाठी इंटेल आर्क ए३१० किंवा ए३८० ही कार्डं बघा.

सावध: आरएक्स ६४०० आणि जीटीएक्स १६५० ही छोट्या केसमधे बसणारी कार्डं म्हणून खूप सुचवली जातात. दोघांनाही एव्ही१ डिकोडिंग येत नाही. घ्यायच्या आधी हे माहीत असू द्या.

सावध: इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्सच नाही. सवलतीत दिसतो म्हणून घेतला आणि घरी आल्यावर बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येईना, असं खूप जणांचं होतं. रायझनमधेही ५००० मालिकेपर्यंत नावात 'जी' नसेल तर सहसा ग्राफिक्स नसतं.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एवढंच की विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेल आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. फक्त कोडी हा मीडिया प्लेअरच चालवायचा असेल तर लिब्रेइलेक (फक्त कोडीसाठी बनवलेलं लिनक्स) टाका, मग सातव्या पिढीचा पीसीही छान चालेल.

## पायरी ६: मदरबोर्ड आणि रॅम

बोर्डाचं एकच पान वाचायचं असेल तर मागच्या पोर्टांचं वाचा. प्रोसेसर ४के ६० देतो म्हणून बोर्डही देईल असं नसतं. इंटेलच्या सहाव्या ते दहाव्या पिढीत अंगभूत ग्राफिक्समधून मूळ एचडीएमआय १.४ च येत होतं, २.० साठी बोर्ड बनवणाऱ्याला वेगळी चिप लावावी लागायची आणि स्वस्त बोर्डांवर ती नसायची. त्या काळातला बोर्ड वापरणार असाल तर नेमक्या मॉडेलच्या माहितीत '४के ६० हर्ट्झ' लिहिलेलं डोळ्यांनी बघा. मालिकेचं नाव सारखं असून चालत नाही.

रॅम ८ जीबी पुरते, १६ मधे निवांतपणा आहे. पण एक १६ ची कांडी घेण्यापेक्षा दोन ८ च्या घ्या, कारण अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतं आणि दोन चॅनलने त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. एन१०० ला चॅनल एकच असतो, तिथे हा प्रश्न येत नाही. चमकत्या उंच पट्ट्यांची रॅम नको, बुटक्या कूलरला आडवी येते.

## पायरी ७: पॉवर सप्लाय आणि आवाज

अंगभूत ग्राफिक्सवाला पीसी व्हिडिओ चालवताना साधारण २० ते ४० वॉट ओढतो. त्याला ६५० वॉटचा सप्लाय लावायची काही गरज नाही, ३०० वॉटचा चांगला सप्लाय भरपूर झाला. वॉटपेक्षा आत कुठला पंखा आहे ते बघा. अगदी पातळ केसमधल्या फ्लेक्स-एटीएक्स सप्लायला ४० मिलिमीटरचा पंखा असतो, तो कुईकुई करतो आणि त्याला गप्प करणं अवघड. एसएफएक्स (त्याहून मोठ्या पंख्याचा सप्लाय) बसत असेल तर तोच घ्या, त्यातही कमी लोडला पंखा बंद ठेवणारा मिळाला तर उत्तम. छोट्या मशीनला बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा डीसी बोर्ड लावला तर सप्लायचा पंखाच उरत नाही.

पंख्यांबाबत ढोबळ नियम असा की वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून १२० मिलिमीटरचा एक पंखा हळू फिरवणं हे ८० चे दोन जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही बरं. बायोसमधे फॅन कर्व्ह असा लावा की ६० अंशापर्यंत पंखा खालच्याच वेगाला राहील. आणि वेग बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवा. एकसारखा हलका आवाज कान विसरतो, पण मेन्यू उघडला की पंखा 'हूं' करून वर जातो आणि खाली येतो, ते मात्र प्रत्येक वेळी ऐकू येतं.

## पायरी ८: स्टोरेज

सिस्टमसाठी २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरे. प्रश्न सिनेमांचा आहे. ४के डिस्कवरून घेतलेली, पुन्हा न दाबलेली फाइल ५० ते ९० जीबी असते, म्हणजे १ टीबीत जेमतेम ११ ते २० सिनेमे. मोठा साठा म्हणजे हार्ड डिस्क, आणि हार्ड डिस्क हॉलमधे ठेवू नका असं मी आग्रहाने सांगेन. तिचा स्वतःचा आवाज फार नसतो, पण तिची थरथर लाकडी युनिटमधे उतरते आणि ती फळी ढोलासारखी घुमते. डिस्का दुसऱ्या खोलीत, जुन्या पीसीत किंवा नॅसमधे (नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्यात) ठेवा आणि हॉलमधे फक्त एसएसडी. ठेवायचीच झाली तर रबरी वॉशरवर बसवा.

दुसऱ्या खोलीतून आणायचं तर वायर टाका. ४के डिस्कचा बिटरेट १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, आणि १०० मेगाबिटचा पोर्ट किंवा जुना स्विच तिथे अडकतो. वाय-फाय स्पीड टेस्टला ३०० दाखवतं आणि तरी मारामारीच्या सीनला व्हिडिओ थांबतो, कारण टेस्टमधे दिसते ती सरासरी आणि सिनेमाला लागतो तो सलगपणा.

तपासा: बोर्डाच्या मॅन्युअलमधे एम.२ स्लॉटखालची (एनव्हीएमई बसते त्या जागेखालची) बारीक टीप वाचा. काही बोर्डांवर तो स्लॉट भरला की हार्ड डिस्कचे एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. डिस्क खराब नसते, पोर्ट झोपलेला असतो.

## पायरी ९: रिमोट आणि चालू-बंद

ही पायरी लोक शेवटी करतात आणि मग सोफ्यावर कीबोर्ड पडून राहतो. घरातल्या कुणालाही एका बटणात टीव्ही आणि पीसी चालू करता आला पाहिजे.

टीव्हीच्या रिमोटने पीसी चालवायची सोय, म्हणजे सीईसी, डेस्कटॉप ग्राफिक्समधे सहसा नसते. त्यासाठी यूएसबीचा सीईसी अ‍ॅडॉप्टर मिळतो, पण एचडीएमआय त्याच्यातून जाते, म्हणून त्याचीही बँडविड्थ पायरी ३ सारखी तपासा. दुसरा मार्ग इन्फ्रारेड रिसीव्हर, तो साधा आणि भरवशाचा, फक्त समोर दिसला पाहिजे. ब्लूटूथ रिमोट चालतो पण बंद पीसीला तो बहुधा उठवू शकत नाही.

२.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या रिसीव्हरवाला कीबोर्ड असेल आणि सोफ्यावरून बटणं चुकत असतील तर कीबोर्डला दोष देऊ नका. यूएसबी ३ च्या पोर्टातून नेमका त्याच फ्रिक्वेन्सीला गोंगाट निघतो. अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन वायर लावून रिसीव्हर केसपासून दूर, युनिटच्या पुढच्या कडेला आणा, बहुतेक वेळा तिथेच काम होतं.

सावध: बायोसमधे ईआरपी (वीज वाचवायचं सेटिंग) चालू असेल तर बंद पीसीच्या यूएसबीला वीजच मिळत नाही आणि रिमोटने पीसी उठत नाही. ईआरपी बंद करा, यूएसबी वेक चालू करा. वीज जाऊन आल्यावर पीसीने काय करायचं तेही तिथेच ठरवा.

## पायरी १०: जोडल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि कूलर एवढंच केसबाहेर, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून आधी चालू करून बघा. पातळ केसमधे सगळं कोंबल्यावर एक वायर शोधायला अर्धा दिवस जातो.

टीव्हीत ज्या पोर्टला पीसी लावलाय त्याचं 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' किंवा 'यूएचडी कलर' अशा नावाचं सेटिंग चालू करा. ते बऱ्याच टीव्हीत पोर्टागणिक वेगळं असतं आणि बंद असतं, आणि लोक ग्राफिक्स कार्ड परत करून येतात. डेस्कटॉपच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद करा. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं सगळं एकच काळं झालं असेल तर पीसीची फुल-लिमिटेड रेंज आणि टीव्हीची रेंज जुळत नाहीये, दोन्हीकडे एकच ठेवा.

कोडीत रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलायचं सेटिंग चालू करा. नाहीतर २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झमधे बसवताना एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते, आणि कॅमेरा हळू सरकताना चित्र बारीक हिसके देतं. टीव्हीच्या माहितीच्या पट्टीवर २४ हर्ट्झ आलं का बघा.

मग पायरी २ मधल्या त्याच जड फाइल्स लावा. एमपीव्ही या प्लेअरमधे 'आय' दाबलं, कोडीत 'ओ' दाबलं की पडद्यावर कळतं हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का, आणि एमपीव्हीत फ्रेम गळतात का तेही दिसतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधे व्हिडिओ डिकोडचा आलेख हलला पाहिजे आणि प्रोसेसर जवळजवळ निवांत राहिला पाहिजे. रिसीव्हरच्या पट्टीवर ट्रूएचडी किंवा अ‍ॅटमॉस यायला हवं. नुसतं पीसीएम (पीसीने आधीच उलगडलेला आवाज) येत असेल तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमधे पासथ्रू (न उलगडता पुढे पाठवणं) बंद आहे.

शेवटची तपासणी रात्री करा. कप्प्याचं दार लावा, घरातले पंखे बंद करा, दोन तासांचा सिनेमा पूर्ण चालवा आणि नेहमीच्या जागेवर बसा. शेवटच्या वीस मिनिटांत पंख्याचा आवाज वाढला किंवा तापमान चढतच राहिलं तर पार्ट बदलायची घाई नको. दार उघडं ठेवून तोच सिनेमा पुन्हा लावा, आणि या वेळी तापमान एका जागी थांबलं तर मागच्या फळीला भोक पाडा.